प्रायश्चित्त, नवा जन्म, पाणी : मराठी ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या वाचनाचा प्रश्न

ज्या ज्ञानशाखेचा येथे विचार करावयाचा आहे तिला मराठीत सर्वमान्य नाव नाही, आणि ही अडचण केवळ परिभाषेची नाही. 'थिऑलॉजी' या संज्ञेसाठी 'ईश्वरविज्ञान', 'ईशज्ञान', 'धर्मशास्त्र' असे पर्याय अधूनमधून योजले जातात. त्यांपैकी 'धर्मशास्त्र' हा शब्द उच्चारताच पां. वा. काणे यांच्या ग्रंथराजाचा विषय डोळ्यांपुढे येतो. आचार, व्यवहार, प्रायश्चित्त यांची ती व्यवस्था ईश्वराच्या स्वरूपाची चर्चा करण्यासाठी मुळात उभी राहिलेली नाही. 'ईश्वरविज्ञान' हा शब्द निर्दोष आहे, पण तो कोणाच्या तोंडी नाही. प्रत्यक्ष वापरात असलेला शब्द आहे तो नुसता 'शास्त्र'. प्रॉटेस्टंट मराठी घरांत 'शास्त्र' म्हणजे बायबल. 'शास्त्राचा अभ्यास' म्हणजे त्या ग्रंथाचे वाचन. ज्ञानशाखा आणि तिचा अभ्यासविषय यांना एकच नाव असावे यात ढिसाळपणा दिसेल. वस्तुतः सुवार्तावादी म्हणजे इव्हँजेलिकल ईश्वरविज्ञानाची एक मूलभूत धारणा या रूढ शब्दात सहज उतरलेली आहे : ग्रंथाबाहेर ग्रंथाविषयीचे वेगळे शास्त्र नाही.

या संप्रदायाचे स्वरूप अभ्यासकांना अलीकडे बरेच स्पष्ट झाले आहे. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने १९८९ साली ब्रिटनमधील सुवार्तावादाचा इतिहास लिहिताना त्याची चार लक्षणे सांगितली : व्यक्तीच्या अंतःपरिवर्तनाचा आग्रह, सेवा-प्रचाराची कार्यशीलता, बायबलचे सर्वोच्च प्रामाण्य आणि क्रूसावरील मरणाचे केंद्रस्थान. पुढे १९९४ साली मार्क नोल या अमेरिकी सुवार्तावादी इतिहासकाराने आपल्याच पंथाच्या बौद्धिक आळसावर एक पुस्तकभर कोरडे ओढले. म्हणजे हा अभ्यास आता आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी चालतो. मराठीत तो कोठे चालतो, हा प्रश्न आहे.

त्याचे संस्थात्मक उत्तर थोडक्यात देता येईल. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. कोणत्याही धर्माच्या ईश्वरविज्ञानाला त्याच्या अभ्यासक्रमात जागा नव्हती, आणि पुढे निघालेल्या महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही तीच वाट धरली. मद्रास व म्हैसूर विद्यापीठांत ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाची स्वतंत्र सोय झाली. मराठी भाषेच्या प्रदेशात हा अभ्यास धर्मशिक्षणसंस्थांच्या भिंतींआड राहिला. सेरामपूर कॉलेजला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाची सनद मिळालेली असल्याने ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांचे केंद्र बंगालात गेले. यवतमाळ येथे १९५३ साली उभी राहिलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही सुवार्तावादी परंपरेची महत्त्वाची भारतीय संस्था १९८३ साली पुण्यात आली. कॅथलिकांचे ज्ञानदीप विद्यापीठ त्यापूर्वीच, १९५५ साली, पुण्यात आले होते. एवढ्या संस्था मराठी मुलखात असून त्यांचा उच्च विद्याव्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो. मराठी उरते ती उपासनेला, गीतांना आणि खेड्यांतील प्रवचनांना. प्रार्थना मराठीत, युक्तिवाद इंग्रजीत, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी आजची नाही. नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे (१८२५-१८९५) हे चित्पावन कुळात जन्मलेले, काशीत वाढलेले पंडित. षड्दर्शनांचा ख्रिस्ती भूमिकेवरून परामर्श घेणारा त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' १८६० साली हिंदीत निघाला. पंडिता रमाबाईंचा ईश्वरविज्ञानविषयक सर्वांत धारदार वाद सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झाला तो इंग्रजी पत्रांतून; ती पत्रे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली, तीही इंग्रजीतच. आणि अगदी जवळचे उदाहरण : मराठी दलित साहित्य ऐन बहरात असताना, १९८१ साली, महाराष्ट्रातून गेलेल्या अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविज्ञानाची पायाभरणी करणारे व्याख्यान दिले ते बंगलोरला, इंग्रजीत. दलित साहित्याच्या मराठी समीक्षेला त्या व्याख्यानाची दखल घ्यावीशी वाटली नाही. निर्मलांच्या वाचकांनाही मराठी दलित कविता मुळातून वाचण्याची गरज भासली नाही. दोन्ही व्यवहार एकाच अनुभवावर उभे होते.

मग मराठी समीक्षेने ख्रिस्ती मराठी लेखन वाचले नाही काय? वाचले, आणि आदराने वाचले. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या संशोधकांनी या वाङ्मयाच्या इतिहासाचे साधन सिद्ध केले, त्याचे ऋण मोठे आहे. प्रश्न आहे तो समीक्षेने या संहितांकडे जाताना निवडलेल्या दोन वाटांचा. एक वाट प्रबोधनाची, दुसरी भक्तीची. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कृतीला पहिली मराठी कादंबरी म्हणून मान मिळाला आणि विधवांच्या दुःस्थितीचे तिच्यातील चित्रण हे तिच्या महत्तेचे कारण ठरले. विनायकाचा मृत्यू, यमुनेचा ख्रिस्ती धर्मस्वीकार आणि तिचा पुनर्विवाह या कथानकाच्या उत्तरार्धाला 'प्रचार' या एका शब्दात निकालात काढले जाते. 'प्रचार' हा मराठी समीक्षेतील एक सोयीचा शब्द आहे. तो लावला की लेखक नेमके काय सांगत होता हे पाहण्याच्या जबाबदारीतून समीक्षक मुक्त होतो. पदमनजींच्या दृष्टीने विधवेचे दुःख आणि तिचे तारण या दोन घटना नव्हत्या. पहिली सत्य आणि दुसरी प्रचार, ही फोड समीक्षकाची आहे, कादंबरीची नव्हे. ती फोड कदाचित समर्थनीयही ठरेल. पण तिचे समर्थन करावयाचे तर पदमनजींचा तारणविचार आधी मांडावा लागेल. याच पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. 'टीका' हा शब्द तेव्हा भाष्य या अर्थाने जिवंत होता. आज त्याच शब्दावर हक्क सांगणाऱ्या विद्याशाखेला ते भाष्य आपल्या कक्षेतले वाटत नाही.

भक्तीची वाट अधिक मोहक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, हे त्यांचेच सांगणे असल्याने तिला कवीचे अनुमोदनही मिळते. मग 'अभंगांजली' हे वारकरी परंपरेचे एक सुंदर उपांग ठरते, कवी 'फुलांमुलांचा' ठरतो आणि ख्रिस्त हा विठ्ठलाचा पर्याय ठरून कोणालाच अडचण राहत नाही. या कौतुकापेक्षा टिळकांविषयी सुवार्तावाद्यांनी बाळगलेला संशय बौद्धिकदृष्ट्या अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. टिळक काहीतरी वेगळे आणि धोक्याचे म्हणत आहेत, हे निदान त्यांच्या लक्षात आले होते.

ते वेगळेपण कोठे आहे हे पाहण्यासाठी शब्दांकडे वळले पाहिजे. मराठी ख्रिस्ती ईश्वरविज्ञान ग्रंथांत सापडत नसेल, परंतु ते शब्दांच्या निवडीत सापडते. अनुवादकांनी, गीतकारांनी, प्रवचनकारांनी जुने शब्द नव्या कामाला जुंपले, आणि जुन्या अर्थांनी ते काम मुकाट्याने केले नाही.

'प्रायश्चित्त' हा शब्द घ्यावा. ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचा अर्थ सांगताना मराठी ख्रिस्ती लेखन हा शब्द वापरते. धर्मशास्त्रीय परंपरेत प्रायश्चित्त ज्याचे पाप त्याने घ्यावयाचे असते. त्याचा विधी, दान, दिवस ठरलेले असतात आणि ते झाले की माणूस पंक्तीत परत येतो. ख्रिस्ती वापरात पाप एकाचे आणि प्रायश्चित्त दुसऱ्याने केलेले, तेही एकदाच आणि सर्वांसाठी. शब्द तोच, व्याकरणातील कर्ता बदलला. हा बदल एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाला केवढा अवघड गेला असेल याची कल्पना त्या काळच्या दोन प्रकरणांवरून येते. १८४३ साली मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्याचा पुरस्कार बाळशास्त्री जांभेकरांनी केला व सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून गावभर वादंग माजले आणि न्यायमूर्ती रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. एका बाजूने ज्या शब्दाने माणूस ख्रिस्ताकडे बोलावला जात होता, दुसऱ्या बाजूने त्याच शब्दाने तो ख्रिस्त्यांच्या स्पर्शातून परत आणला जात होता. रानड्यांच्या प्रायश्चित्तावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादाच्या वेळी मिशनच्या आवारात हा शब्द कोणत्या अर्थाने उच्चारला जात होता, हे त्या लेखनात विचारले गेलेले आढळत नाही. सुवार्तावादाच्या केंद्रस्थानी असलेला प्रतिनिधिक मरणाचा सिद्धांत मराठीत येताना ज्या शब्दाला टेकला, त्या शब्दाचा सारा भार व्यक्तीच्या स्वतःच्या कृतीवर होता. अनुवादाच्या सिद्धांतात रस असणाऱ्याला याहून समृद्ध उदाहरण मिळणे कठीण.

'नवा जन्म' या शब्दयोजनेची कथा याच्या उलट आहे. पुन्हा जन्मणे हे इंग्रजी सुवार्तावादात आनंदाचे वर्तमान आहे. मराठी भाषकाच्या कानाला मात्र पुन्हा जन्म ही ज्यातून सुटावयाचे ती आपत्ती आहे. संतांच्या वाणीने शतकानुशतके त्या फेऱ्यातून सुटका मागितली. म्हणून मराठी भाषांतरकारांनी 'पुनर्जन्म' टाळून 'नव्याने जन्मणे' असा वळसा घेतला. वळसा योग्यच होता. पण टाळलेला शब्द संहितेच्या कडेला उभा राहतोच. 'श्रद्धा' सोडून 'विश्वास' घेण्यातही असाच निर्णय दडलेला आहे : श्रद्धा विधीवर, वचनावर, परंपरेवर असते, विश्वास माणसावर ठेवतात, उसनवारीत आणि सोयरिकीत ठेवतात. व्यवहारातल्या या शब्दाने ख्रिस्ताशी जडणारे नाते व्यक्तीशी असलेल्या नात्यासारखे केले. वारकऱ्यांच्या 'भावा'शी त्याची तुलना आजवर कोणी नेटाने केलेली दिसत नाही.

पंडिता रमाबाईंना या शब्दप्रश्नाची पुरेपूर जाणीव होती. १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, अशा आशयाचा कबुलीजबाब त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात दिला आहे. हा भेद अस्सल सुवार्तावादी आहे. धर्मांतर आणि अंतःपरिवर्तन यांच्यात अंतर पाडल्याखेरीज तो करता येत नाही. रमाबाईंच्या चरित्रकारांपैकी पुष्कळांना १८८३ ची रमाबाई हवी असते, जी त्रैक्याच्या सिद्धांतावरून अँग्लिकन जोगिणीशी हुज्जत घालते आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य मागते. नंतरची, मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जागृतीत रमलेली रमाबाई त्यांना संकोचात टाकते. पण हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणण्याचा अजस्र उद्योग या दुसऱ्या रमाबाईचा आहे. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुरता, आणि तिच्यासोबत येणारे तत्त्वज्ञानाचे जुने अर्थ, त्यांना खटकत होते. शेतकरी बाईला समजेल असे शास्त्र त्यांना हवे होते. संस्कृत पांडित्यासाठी 'सरस्वती' म्हणून गौरविल्या गेलेल्या स्त्रीने आयुष्याच्या अखेरीस संस्कृत शब्दांविरुद्ध मांडलेली ही फिर्याद आहे. स्त्रीवादी आणि देशीवादी अशा दोन्ही समीक्षांनी तिच्यावर तुटून पडावयास हवे होते. देशीवादाने 'यमुनापर्यटना'ला जवळ केले. रमाबाईंच्या बायबलपर्यंत तो पोहोचला नाही.

येथे नाशिककडे वळणे क्रमप्राप्त आहे, कारण मराठी ख्रिस्ती लेखनाच्या दोन मोठ्या संहितांचे धागे या गावात येऊन मिळतात. रामकथेने पावन झालेली पंचवटी आणि चर्च मिशनरी सोसायटीची शरणपूरची वसाहत यांच्यात अंतर फारसे नाही. टिळकांचे विद्यार्थिदशेतील दिवस नाशिकचे. लक्ष्मीबाईंचे (१८६८-१९३६) माहेर जवळच्या जलालपूरचे आणि त्यांची उतारवयातील वर्षेही नाशिकचीच. अशा गावाशी जडलेल्या कुटुंबातून 'ख्रिस्तायन' निघावे यात नवल नाही. टिळकांनी हे ओवीबद्ध काव्य सुरू केले. दहाएक अध्यायांनंतर ते थांबले आणि साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीने ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत पुरे केले, या घटनेचे कौतुक पुष्कळ झाले. त्या ओव्यांतील ख्रिस्तविचार तपासण्याचे काम मात्र तसेच पडून आहे. शीर्षकच एक प्रश्न उभा करते. सुवार्ता म्हणजे वर्तमान, बातमी : एकदाच घडलेली, ऐकून निर्णय घ्यावयाची. 'अयन' म्हणजे वाटचाल : जिची कथा पुन्हा पुन्हा सांगावयाची, जिच्या श्रवणानेच पुण्य जोडावयाचे. बातमीचे आख्यान झाले की ऐकणाऱ्याकडून काय अपेक्षिले जाते, निर्णय की पारायण? हा आकृतिबंधाचा प्रश्न आहे आणि तोच ईश्वरविज्ञानाचा प्रश्न आहे.

टिळकांच्या बाबतीत तो अधिक उघड होतो. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाकडून त्यांना नवा करार मिळाला, आणि त्यांना खिळवून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. क्रूसाने नव्हे. सुवार्तावादी अनुक्रमात आधी पापाची जाणीव, मग क्रूस, मग नवे जीवन; टिळक शेवटच्या टोकाकडून आत शिरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे दीक्षित पाळकही झाले. पण १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही जागा ठेवली. 'मंडळी' हा चर्चसाठी रूढ झालेला शब्द सोडून 'दरबार' हा शब्द का? मंडळीला सभासद असतात, त्यांची नोंद असते. दरबारात राजा असतो आणि हजर राहणारे असतात. आपल्या अभंगांना टिळकांनी दिलेली 'दास' ही नाममुद्रा या दरबाराशी जोडून वाचली तर ती वारकरी विनयापुरती राहत नाही. पौलाच्या पत्रांतील दासाची तिला जोड मिळते. ख्रिस्तसमाजाच्या सीमेविषयीचा हा एक पूर्ण विचार आहे. तो सुवार्तावाद्यांना सैल वाटेल, आणि बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व मान्य केल्यावर अंतःपरिवर्तनाची खूण कोणती, हा त्यांचा आक्षेप टाळता येणार नाही. मराठी समीक्षेने दरबाराला कवीच्या उदारतेचे लक्षण ठरवून आक्षेपाची आणि विचाराची एकदमच वासलात लावली.

सर्वांत मोठे दुर्वाचन 'स्मृतिचित्रे'चे झाले आहे, आणि तेच सर्वांत प्रेमाने झाले आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचा विनोद, निर्व्याजता, बोलीचा गोडवा यांवर भरभरून लिहिले गेले. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी त्याचा नवा इंग्रजी अनुवाद केला. लक्ष्मीबाईंच्या धर्मांतराला मात्र सहसा पतिनिष्ठेचा किंवा सामाजिक जागृतीचा अध्याय मानले जाते. ग्रंथ कोठून सुरू होतो ते पाहावे. तो सुरू होतो वडिलांच्या सोवळ्यापासून. सारे घर, घरातले धान्यसुद्धा धुऊन घेणाऱ्या त्या विलक्षण मनुष्याच्या चित्रापासून. मुलगी पाण्याच्या धाकात वाढते. पुढे नवरा ख्रिस्ती होतो, ताटातूट होते, ती परत येते तेव्हाही स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवून येते. मग एके दिवशी विचार करता करता तिला उमगते की माणसे देवाने केली, जाती माणसांनी. आणि त्यानंतर ती कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागते. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

सुवार्तावादी आराखड्यात या अनुक्रमाला जागा सापडत नाही. येथे पापाची टोचणी नाही, क्रूसापुढचे अश्रू नाहीत. म्हणून धर्मशिक्षणसंस्थेत तो एका प्रेमळ पाळकाच्या पत्नीचा हृद्य किस्सा ठरतो. प्रबोधनवादी समीक्षक त्यात जातिनिर्मूलन पाहतो. त्यालाही त्यानंतरचा बाप्तिस्मा अनावश्यक पुरवणी वाटतो, कारण जात सोडण्यास ख्रिस्त लागत नाही. परंतु संहितेने दोन पाणी समोरासमोर ठेवली आहेत : विटाळ धुणारे आणि बाप्तिस्म्याचे. माणसाला लागलेला मूळ डाग कोणता, हा ईश्वरविज्ञानाचा आद्य प्रश्न आहे. ऑगस्टीनच्या परंपरेने त्याचे उत्तर आदिपाप असे दिले. 'स्मृतिचित्रे'चे उत्तर वेगळे आहे : डाग आहे तो डाग लागतो या समजुतीत, आणि मुक्ती आहे ती दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यात. वडिलांच्या पाण्याने जे कधीच स्वच्छ होत नव्हते ते येथे धुवावयाचेच राहत नाही. हे उत्तर दलित ख्रिस्त्यांना पुरेसे वाटेल काय, ज्यांना पाणी नाकारले गेले त्यांचा प्रश्न पाणी घेणाऱ्याच्या उदार हृदयाने सुटतो काय, असे निर्मलांच्या दिशेने विचारता येईल, आणि विचारलेच पाहिजे. तेथे लक्ष्मीबाईंच्या उत्तराची मर्यादा दिसू लागते. पण मर्यादा उत्तराला असते, किश्श्याला नसते.

अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रे'चे साक्षेपी संपादन करून ग्रंथातील व्यक्ती, स्थळे, तिथी यांचा जो शोध घेतला तो मराठी संपादनविद्येत आदर्श मानावा असा आहे. त्या टिपांच्या शेजारी आणखी एक टिपांचा स्तर लिहिला जाऊ शकतो, आणि तो एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे : सोवळे, विटाळ, पाणी, विश्वास, प्रभू, मंडळी हे शब्द ग्रंथात जेथे जेथे येतात तेथे तेथे त्यांच्यामागे कोणते शास्त्र उभे आहे, धर्मशास्त्रातले की पवित्र शास्त्रातले, याची नोंद. काही ठिकाणी दोन्ही लिहावी लागतील.